वाढीव पट्टी

डेव्हिड दारात आला तेव्हा मी अंगणात बसून दाढी करत होतो. गेल्या महिन्यातली गोष्ट. त्यानं लुना स्टँडवर लावली, चपला काढल्या आणि नुसता उभा राहिला. माझ्या एका गालाला साबण, दुसरा साफ... आरशातच त्याचं तोंड बघितलं आणि समजलो. "पप्पा गेले, चाचा," म्हणाला. "झोपेतच गेले." मग जरा थांबून, "आई म्हणाली, मयताची पेटी दस्तगीरचाचांनीच करायची. दुसऱ्या कुणाकडं जाऊ नकोस." मी तोंड पुसलं आणि तसाच त्याच्या मागं लुनावर बसलो. शाहूपुरीच्या वाटेवर सिग्नलला लोक माझ्या अर्ध्या दाढीकडं बघत होते. बघू देत, म्हटलं.

शमुवेल मिस्त्री गेला. त्याच्याबद्दल लिहा म्हणून चर्चच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी लगेच होय म्हणालो, पण ते त्याचं कौतुक करायला नव्हे. कौतुक करणारे पुष्कळ आहेत, उद्यमनगरात कुठल्याही फौंड्रीत जाऊन विचारा. मी होय म्हणालो, कारण माझ्या हातून एकदा एक चूक झाली होती आणि ती मी त्याच्यापासून अठरा वर्षं लपवून ठेवली होती. त्या चुकीवर या माणसानं काय बांधलं, ते एकदा कागदावर उतरल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

फौंड्रीतलं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची, इंजिनाचं चाक असो की पंपाचं अंग, तर आधी ती लाकडात करावी लागते. तो लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. तो ओलसर वाळूत दाबून बसवायचा, हलक्या हातानं काढून घ्यायचा, आणि मागं जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. लाकडाचं काम मिस्त्रीचं आणि वाळूचं माझं. त्याची शेड शाहूपुरीत, मी उद्यमनगरात मोल्डर. पॅटर्न आणायला मीच जायचो, आणि एकदा गेलो की तासभर परत यायचो नाही, त्यावरून मालकाच्या शिव्या खायचो. आता लोखंडाची एक खोड आहे. गार होताना ते आकसतं. फुटामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठाच करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर एक फूट म्हणून जी खूण असते, ती खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब असते. कारखान्यात तिला कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतात. आम्ही दोघं वाढीव पट्टी म्हणायचो. मिस्त्रीच्या भिंतीवर दोन खिळे होते, एका खिळ्याला साधी पट्टी, दुसऱ्याला वाढीव. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी. वाढीव पट्टीच्या टोकाला तेवढा लाल रंगाचा ठिपका होता.

मिस्त्री मूळचा चंदगडकडचा. पावसात वाढलेला माणूस, त्यामुळं लाकूड ओलं आहे का वाळलेलं, हे नुसतं नखानं टिचकी मारून सांगायचा. बुटका, कानावर पेन्सिल, बोलणं रांगडं. जेवणाची सुट्टी झाली की डबा संपवायचा, हात धुवायचा आणि रंध्याच्या शेजारी ठेवलेलं काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचा. पानांवर त्याच्या बोटांचे डाग. रविवारी चर्चमध्ये तो पोरांना शिकवायचा, आणि त्याची तयारी आठवडाभर माझ्यावर चालायची. बासष्ट-त्रेसष्ट साल असेल, तेव्हा त्याच्या डोक्यात सृष्टी कशी झाली हा विषय शिरला तो शेवटपर्यंत निघाला नाही.

"हे बघ दस्तगीर," एकदा म्हणाला, "जुन्या भागात सहा दिवसांचं सगळं सांगितलंय. पण हा नव्यातला लिहिणारा त्याच्या बी मागं जातोय. त्याचं म्हणणं, सगळ्याच्या आधी शब्द होता. आणि जे काय झालंय ते त्या शब्दातनं झालं."

"नुसत्या शब्दातनं? लाकूड न्हाई?"

"न्हाई."

"वाळू?"

"वाळू बी न्हाई."

"मग तुझी आणि माझी दोघांची नोकरी गेली की!" मी म्हणालो. तो इतका हसला, की कानावरची पेन्सिल भुशात पडली. मग शोधताना म्हणाला, "तुझी न्हाई जात. पॅटर्न काढून घेतल्यावर वाळूत काय राहतं? काय बी न्हाई. आणि त्या काय-बी-न्हाईतच वस्तू होती. तुझं काम देवाच्या जास्त जवळचं हाय, लेका. पण नमाजाला वेळेवर जात न्हाईस, म्हणून तुला कळंना." असा टोमणा मारल्याशिवाय त्याचा कुठलाही उपदेश पुरा व्हायचा नाही. मी नमाजाला जातो की नाही यावर माझ्या बापापेक्षा त्याचं लक्ष जास्त. शुक्रवारी दुपारी त्याच्या शेडमध्ये दिसलो, तर रंधा थांबवून घड्याळाकडं बोट दाखवायचा.

त्याला दोन मुलं. थोरली रूथ शाळेत जायला लागली, तेव्हा डेव्हिड रांगत होता. शाळा सुटली की ती शेडमध्ये यायची. रंध्यातनं लाकडाच्या लांब, गोल गोल ढलप्या निघतात ना, त्या मनगटात बांगड्या म्हणून भरायची आणि मला विचारायची, "चाचा, शबानासाठी नेणार?" शबाना माझी मुलगी, तिच्याच वयाची. मी त्या कागदात गुंडाळून न्यायचो. घरी जाईपर्यंत निम्म्या मोडायच्या. मग दुसऱ्या दिवशी हिशेब द्यावा लागायचा, किती मोडल्या आणि कशानं मोडल्या. माझ्या मालकानं मला असं कधी फैलावर घेतलं नाही.

सदुसष्ट साली रूथला ताप आला. चार दिवस नुसता ताप, पाचव्या दिवशी तो डोक्यात गेला आणि सकाळी पोरगी गेली. सहा वर्षांची. मी पोचलो तेव्हा तिची आई, लीलावहिनी, तिच्या उशाशी बसल्या होत्या आणि तिचे केस विंचरत होत्या. विंचरून झालं की परत पहिल्यापासून. मिस्त्री घरात नव्हता. शेडमध्ये होता. फळ्या काढून ठेवल्या होत्या, सागवानाच्या, एका मोठ्या पॅटर्नसाठी राखून ठेवलेल्या. मी म्हणालो, "तू बस. मी पेटी कुणाकडनं तरी करून आणतो." तर म्हणाला, "न्हाई. माझी पोर, माझं लाकूड." डोळ्यांतनं पाणी चाललं होतं आणि ते तो पुसतही नव्हता. फळीकडं तोंड करून त्यानं नुसता हात मागं केला. "चार फूट," म्हणाला. "पट्टी दे."

मी भिंतीकडं गेलो आणि हाताला आली ती पट्टी उचलून त्याच्या हातात दिली.

लाल ठिपका बघितला नाही. माझेही डोळे कुठं कोरडे होते? पण ते काही कारण नव्हे. तेरा वर्षं मी त्या धंद्यात होतो. त्या शेडमध्ये पट्टी उचलताना आधी टोक बघायचं, हे झोपेतसुद्धा चुकायला नको होतं. त्यानं पेटी केली. झाकणाची फळी मी कापली, आणि ती माझ्या खिशातल्या साध्या घडीच्या पट्टीनं. दोघांनी मापं घेतली चार फुटांचीच...

दुपारी अंगणात सगळे जमले. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली. पोरीला ठेवली, वर पांढरं कापड घातलं, आणि मी आणि मिस्त्रीनं झाकण उचलून वर ठेवलं. पायाकडं अर्धा इंच कमी पडलं. तेवढ्या फटीतनं पांढरं कापड दिसत होतं. लोकांना वाटलं असेल, घाईत झालं, चालायचंच. पण मिस्त्री त्या फटीकडं बघत राहिला. चार फुटाला चार सूत, म्हणजे अर्धा इंच. त्याला समजायला वेळ लागला नाही. "मी वाढीव पट्टी घेतली," असं तो सावकाश म्हणाला, सगळ्यांसमोर. "पोरीला मापायला मी वाढीव पट्टी घेतली." तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. 'तू नव्हे, मी दिली,' एवढंच म्हणायचं होतं. पण मी शेडकडं पळालो, सागवानाची एक बारीक चीप कापून आणली आणि त्या फटीत ठोकली. मी खिळे ठोकत होतो, तेव्हा मिस्त्रीनंच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला धीर द्यायला! त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

त्यानंतर दीड वर्ष त्यानं वाढीव पट्टीला हात लावला नाही. साध्या पट्टीनं मापायचा आणि सूत-सूत कागदावर वाढवत बसायचा. ज्या कामाला एक दिवस लागायचा त्याला तीन लागू लागले. एकदा एका पुलीचा पॅटर्न चुकला. त्याच्या हातचा पॅटर्न चुकला, ही बातमी उद्यमनगरात सगळीकडं झाली. चर्चमध्ये शिकवणं बंद. काळं शास्त्र रंध्याशेजारीच, पण त्यावर भुसा साचलेला. मला म्हणायचा, "आयुष्यात एक काम बिनचूक करायचं होतं गड्या, तेवढंच चुकलं." आणि मी काय करायचो? मी चहा सांगायचो. भेकड माणसाला चहाचा मोठा आधार असतो. रोज सायकलवरून येताना ठरवायचो, आज सांगायचंच. शेडच्या दारात आलो की तोंड मिटायचं.

मग एका रविवारी तो स्वतःच माझ्या दारात आला, सायकलवर, चर्चमधनं थेट. कितीतरी दिवसांनी चर्चला गेला होता. "चल कळंब्याला," म्हणाला. पूर्वी आम्ही रविवारी जायचो तसे तळ्यावर गेलो. बांधावर बसलो. त्यानं पिशवीतनं शास्त्र काढलं, पुसून स्वच्छ केलेलं, आणि एका प्रेषिताच्या पत्राचं पान उघडलं. वाचून दाखवलं नाही, बोट ठेवून आपल्याच भाषेत सांगू लागला.

"मला आजवर वाटायचं, सृष्टी झाली, काम संपलं, देव हात धुऊन बसला. पण हा काय म्हणतोय बघ. ही सगळी सृष्टी अजून कण्हत हाय म्हणतो. बाईला वेणा येत्यात तशी. म्हंजे काय? म्हंजे अजून व्हायची हाय, दस्तगीर. नवी व्हायची हाय. हे जे दिसतंय, हे तळं, तू, मी... हे ओतून झालेलं कास्टिंग न्हवं. हा पॅटर्न हाय. लाकडाचा."

मला हे बोलणं कुठं चाललंय ते कळायला लागलं होतं.

"आणि पॅटर्न कुठल्या पट्टीनं मापत्यात?"

"वाढीव," मी म्हणालो.

"मग?" तो माझ्याकडं वळला. दीड वर्षानं त्याच्या तोंडावर उजेड दिसत होता. "मग मी चुकलो कुठं? माझ्या पोरीला अजून ओतायची हाय. म्हणून तिचं माप त्याच पट्टीनं घ्यायचं होतं. मला कुठलं तवा समजतंय? मला दिसत बी नव्हतं. त्यानंच माझा हात धरला, दस्तगीर, आणि त्या पट्टीकडं नेला."

आता सांगा, मी काय करायला पाहिजे होतं? त्या दीड वर्षात कधीही सांगितलं असतं तर त्याच्या मानेवरचं ओझं उतरलं असतं, तेव्हा मी बोललो नाही. आणि आता बोललो तर त्याच्या पायाखालची फळीच निघणार. त्याचा हात कुणी नेला नव्हता. त्याचा हात मागं पसरलेला होता, आणि त्यात एका बावळट मोल्डरनं न बघता पट्टी ठेवली होती. मी तळ्याकडं बघत म्हणालो, "व्हय. तसंच असंल." तो शिटी वाजवत सायकल हाणत परत गेला, आणि मी त्याच्या मागं, स्वतःला शिव्या देत.

सोमवारी वाढीव पट्टी खिळ्यावरनं खाली आली. त्याचं काम पूर्वीसारखं सुरू झालं, पूर्वीपेक्षा देखणं. चर्चमध्येही त्यानं हा विचार मांडला. पाळकसाहेबांना तो रुचला नाही. "देवानं जे केलं ते चांगलं होतं असं आपलं शास्त्र सांगतं, आणि तुम्ही त्याला लाकडी नमुना म्हणता?" असं त्यांनी सुनावलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, चांगला पॅटर्न चांगलाच की. पण चांगला म्हंजे पुरा झाला असं न्हवं." हे मला लीलावहिनींनी सांगितलं. साहेब हसले म्हणे. पुढं ते कधी कधी स्वतःच शेडमध्ये येऊन भुशात स्टुलावर बसायचे आणि दोघांचा वाद चालायचा. मला मध्ये ओढायचे. आमच्यातही कयामतीला सगळ्यांना उठवणार असं सांगतात, मी लहानपणापासून ऐकलंय. पण तिथं पट्टीचा प्रश्न येईल, हे मोल्डर असून माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या दुपारी आठवल्या की आजही वाटतं, उठावं, सायकल काढावी, शाहूपुरीत जावं. सागाच्या भुशाचा वास, रंध्याचा खर्र खर्र आवाज, आणि जग कसं झालं यावर कपातला चहा गार होईपर्यंत भांडणारी दोन माणसं... गेले ते दिवस.

यंदा मिस्त्रीनं अंथरूण धरलं. जन्मभर खाल्लेला भुसा छातीत बसला होता. जायच्या आठ दिवस आधी मी गेलो. वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी खुर्ची जवळ ओढली. वाटलं, आज नाही सांगितलं तर हे माझ्याबरोबरच कबरीत येणार. आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं. तू हात मागं केलास, पट्टी मी दिली, ठिपका बघितला नाही, अंगणात गप्प बसलो, कळंब्याला गप्प बसलो. तुझा हात कुणी धरला नव्हता मिस्त्री, माफ कर.

तो छताकडं बघत होता. मला वाटलं, संपवलं मी याचं. मरणाच्या दारात असलेल्या माणसाचा आधार काढून घेतला, स्वतःचं मन हलकं करायला. मग त्याची छाती हलायला लागली. रडतोय वाटून मी पुढं वाकलो, तर हा पठ्ठ्या हसत होता! हसता हसता खोकला आला, मी पाणी पाजलं. पाणी गिळून म्हणाला,

"म्हंजे माझा न्हवं, तुझा हात धरला त्यानं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि मी सोळा-सतरा वर्सं उगंच मोठेपणा घेतोय की रं. पाळकसाहेबांना बी सांगितलं, माझा हात, माझा हात..." परत हसला. "तुझा होता व्हय. आणि तुला बी सांगितलं न्हाई त्यानं. लई हुशार हाय." मग माझा तळहात उलटा करून बघितला, वाळूनं आणि रसाच्या चटक्यांनी खरबरीत झालेला, आणि बराच वेळ धरून ठेवला. "एवढं मनात घेऊन फिरत होतास? येड्या," म्हणाला. मी लहान पोरासारखा रडलो, त्यात काय लाजायचं?

तर त्या दिवशी डेव्हिडच्या मागं लुनावर बसून मी शेडमध्ये गेलो. शेड बरेच दिवस बंद होती, तरी दार उघडल्याबरोबर तोच वास आला. रंधा जागेवर, स्टूल जागेवर. फळ्या त्यानं आधीच निवडून एका बाजूला उभ्या करून ठेवल्या होत्या, वर पेन्सिलनं स्वतःचं नाव घालून. हे काम कुणावर सोपवेल तो मिस्त्री कसला? डेव्हिड म्हणाला, "चाचा, माप सहा फूट घेऊ या?" मी हो म्हणालो आणि भिंतीकडं गेलो. दोन खिळे, दोन पट्ट्या. डोळे पुसले. दोन्ही पट्ट्यांची टोकं नीट बघितली. मग लाल ठिपक्याची उचलली.

पेटी तिनंच मापली आणि झाकणही तिनंच. खिशातली पट्टी मी मुद्दाम डेव्हिडकडं देऊन ठेवली होती. संध्याकाळी अंगणात आम्ही दोघांनी झाकण ठेवलं आणि ते कुठं फट न राहता बसलं. लीलावहिनींनी कडेवरनं हात फिरवला, पायाकडच्या टोकाला तो जरा थांबला. "मोठी वाटती का रं, भावजी?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाढीव हाय, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "बरं केलंस," म्हणाल्या.

पट्टी आता माझ्या घरात, दाराशेजारच्या खिळ्यावर आहे. डेव्हिडनं आणून दिली. मिस्त्रीची मतं खरी की खोटी, ते त्याच्या देवाला ठाऊक आणि माझ्या अल्लाला ठाऊक. मी वाळूतला माणूस, मला त्यातलं फार समजत नाही. सदुसष्ट साली माझा हात कुणी धरला होता का, तेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण त्या दिवशी शेडमध्ये कुणीही धरला नव्हता. ती पट्टी मी बघून उचलली.